प्रवासातला हॉटस्पॉट

चतुर्थीच्या दिवसांत मुंबईहून मडगावकडे येणाऱ्या गाडीत बसून कोणीही आपल्या मोबाइलवर वाय-फायची यादी उघडून पाहावी. डब्यातल्या कितीतरी सहप्रवाशांची नावे तीत ओळीने लागलेली दिसतात. हे त्यांचे हॉटस्पॉट होत. ज्यापुढे कुलपाचे चिन्ह नाही, तो वाटेल त्याला खुला. घराला दोन-दोन कुलपे लावून निघालेला गृहस्थ प्रवासात इतका निर्धास्त कसा राहतो, याचे आम्हांस नवल वाटते.

स्थानकावरील फुकट वाय-फायपेक्षा स्वतःचा हॉटस्पॉट बरा, यात शंका नाही. परंतु पासवर्ड बळकट असेल तरच. गंमत अशी की, बहुतेक फोन स्वतःहून एक अवघड पासवर्ड बसवून देतात आणि लोकच तो काढून नातवाचे नाव किंवा स्वतःचा मोबाइल क्रमांक घालतात. २००४ सालापासून रूढ असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, जोडणीच्या वेळचे संकेत पकडून पासवर्डाचा शोध पुढे घरी बसून सावकाश घेता येतो. वेगवान संगणकापुढे दहा अंकी क्रमांकाचा निभाव लागणे कठीण. २०१८ साली जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ने ही वाट बहुतांशी बंद केली. फोनात ती सोय असल्यास तीच निवडावी, आणि पासवर्ड निदान बारा-पंधरा अक्षरांचा असावा. हॉटस्पॉटला स्वतःचे नाव देण्याचेही काही कारण नाही.

डेटा संपण्याची भीती त्या मानाने क्षुल्लक होय. परक्याने तुमच्या हॉटस्पॉटवरून कोणास धमकी पाठविली वा कोणाची फसवणूक केली, तर नोंद सापडते ती तुमच्या सिमकार्डाची, आणि चौकशी येते ती तुमच्या दारी. निर्दोषपण पटवून देताना सामान्य माणसाची काय दैना उडते, ते वेगळे सांगावयास नको.

मग शेजारच्याने 'जरा नेट द्या हो' म्हटले, तर नकार द्यावा काय? आपल्या समाजात ते जमणारे नव्हे, आणि जमूही नये. कोणाला तिकीट दाखवायचे असते, कोणाला घरी निरोप द्यायचा असतो. जरूर द्यावे; मात्र काम होताच हॉटस्पॉट बंद करून पासवर्ड बदलावा. क्यूआर कोड दाखविला म्हणजे पासवर्ड गुप्त राहिला, हाही भ्रमच. त्या चौकटीत तो सरळ वाचता येईल असाच भरलेला असतो.

फोन विकताना कव्हर आणि काच आग्रहाने गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांनी, गिऱ्हाइकाला हे एवढे त्याच्या भाषेत समजावून देण्यास पाच मिनिटे खर्चावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही.