कॉन्टेसाचे इंजिन आणि अस्सलपणाचा प्रश्न

राजोडीच्या किनाऱ्याकडे सुट्टीच्या दिवशी मुंबईहून जी वाहने येतात, त्यांत क्वचित एखादी जुनी हिंदुस्थान कॉन्टेसा असते. लांब बोनेट, रुंद बांधा, वाडीतल्या चिंचोळ्या रस्त्यावर वळताना चालकाची होणारी तारांबळ, सारे ओळखीचे. अशी गाडी सुरू झाली आणि बोनेटखालून एखाद्या आधुनिक पिकअप ट्रकचे डिझेल इंजिन बोलू लागले, की पाहणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एकाला त्यात भ्रष्टता दिसते, दुसऱ्याला पुनर्जन्म. आम्ही मराठीचे अध्यापक. लेथ आणि पान्यांशी आमचा संबंध केवळ ऐकीव. तरीही या वादात आम्हाला बोलावेसे वाटते, कारण शब्द बदलले की हाच वाद आमच्या वर्गात दरवर्षी होतो.

मुळात ज्या 'अस्सल' कॉन्टेसाची बाजू घेतली जाते, ती कोणती? हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९८४च्या सुमारास बाजारात आणली तेव्हा तिचा सांगाडा होता ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टर या सत्तरच्या दशकातील गाडीचा आणि इंजिन होते अँबॅसडरमधले, १४८९ सीसीचे. एवढ्या थोरल्या देहाला जेमतेम पन्नास अश्वशक्ती! चढणीवर गाडीची जी दमछाक होई, ती त्या पिढीतील चालकांच्या बोलण्यात अजून येते. पुढे कंपनीने स्वतःच तिच्यात जपानच्या इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले, नंतर त्याच कंपनीची डिझेल इंजिनेही दिली. इसुझुचा लौकिक मुख्यतः ट्रक आणि डिझेल इंजिनांसाठी, हे लक्षात घेतले तर आजच्या गॅरेजवाल्याला दोष देणे अवघड जाते. २००२ साली उत्पादन थांबेपर्यंत ही गाडी परक्या अंगात परके हृदय घेऊनच धावत होती, आणि इसुझुचे इंजिन लाभल्यावरच ती आपल्या दिसण्याला जागली, असे आमचे मत आहे.

ज्या अमेरिकी 'मसल कार'शी कॉन्टेसाची तुलना हौसेने केली जाते, तिचेही कुळ फार वेगळे नाही. १९६४ची पाँटिॲक जीटीओ ही या प्रकारातली आद्य गाडी मानली जाते. मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये थोरल्या गाडीचे ३८९ घनइंचांचे व्ही-एट इंजिन घालून ती सिद्ध झाली, तीही कंपनीच्याच अंतर्गत मर्यादेला बगल देऊन. त्याच अमेरिकेत आज भंगारातल्या पिकअप ट्रकचे इंजिन जुन्या गाडीत बसवणे हा नित्याचा उद्योग आहे, कारण ते स्वस्त, दणकट आणि सहज मिळणारे असते. म्हणजे अदलाबदल हे या प्रकारावरचे आक्रमण नसून त्याचे जन्मरहस्य आहे.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला एक भेद सुचवावासा वाटतो. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांचा हेतू कालौघात शिरलेले अपपाठ काढून मूळ पाठाकडे जाण्याचा होता. हे झाले जीर्णोद्धाराचे काम. १८९०मध्ये देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, ते रूपांतर. फादर स्टीफन्सने १६१६मध्ये राशोल येथे छापून प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'त याहून निराळेच केले. देह ओवीचा, घाट पुराणाचा, आणि आत बायबलची कथा. इंजिन बदलणे म्हणतात ते हेच! ते साधले ते केवळ नव्या आशयाच्या बळावर नव्हे. परदेशातून आलेल्या त्या माणसाने ओवीचे वजन किती, ती कुठे वळते, कुठे थांबते, हे आधी आत्मसात केले होते. वसईच्या पट्ट्यात, जेथे पोर्तुगीज सत्ता १७३९पर्यंत होती आणि जेथे मराठी प्रार्थना आजही चर्चमध्ये घुमते, तेथे हे उदाहरण पुस्तकी वाटू नये.

राजोडीपासून जवळच सोपारा आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकलला. त्या बौद्ध परंपरेतल्या 'मिलिंदपञ्ह'मध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस, चाके, जू, की दांडी? यांपैकी एकही रथ नाही, आणि यांच्यावेगळाही रथ नाही. रथ हे एक व्यवहारातले नाव आहे. ही चर्चा आम्ही तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो, पण परिवहन कार्यालयात ती रोज घडते. नोंदणी पुस्तिकेत चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक वेगवेगळे लिहिलेले असतात. व्यवहारातले ते नाव त्या दोहोंच्या मेळावर टिकून असते.

आता खुद्द कारागिरीकडे वळू. ट्रकचे इंजिन नुसते उचलून ठेवता येत नाही. त्याचे वजन अधिक, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. फौंडेशन नव्याने घडवावे लागते. तेलाचे चेंबर पुढच्या आडव्या बीमला अडते. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये जोडपट्टी लेथवर कातून घ्यावी लागते, आणि इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स आणला तर प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकते. आधुनिक कॉमन-रेल इंजिनाचा संगणक आणि वायरिंगचा जुडगा सोबत आला नाही, तर ते सुरूच होत नाही. एवढे सारे निस्तरल्यावर जो मुद्दा उरतो तोच आमच्या लेखी कळीचा. ब्रेक कोणाचे? पन्नास अश्वशक्तीसाठी बेतलेल्या ब्रेकांवर दुप्पट-अडीचपट शक्ती सोपवणारा मनुष्य रसिक नव्हे, बेजबाबदार आहे. आमचा आक्षेप आहे तो येथे. नव्या इंजिनाला नव्हे, जुन्या देहाच्या मर्यादा न वाचण्याला. छंदाची जाण नसताना जुन्या वृत्तात नवकविता कोंबणाऱ्यांनी निदान कोणाचे हातपाय तरी मोडलेले नाहीत.

कायद्याची भूमिका मात्र आम्हाला अपुरी वाटते. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९मधील निकाल यांमुळे उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत असे मूलभूत बदल करण्यास मनाई आहे. इंधनबदलाला अटींवर वाट आहे, प्रमाणित विद्युत संच बसवण्यालाही आहे. ट्रकच्या डिझेल इंजिनाला जवळजवळ नाहीच. परिणामी हे काम थांबत नाही, ते लपते. इंजिनाचा क्रमांक पुस्तिकेत एक, बोनेटखाली दुसरा. विमा कागदावर शाबूत आणि अपघाताच्या क्षणी निरुपयोगी. संहितेत बदल करून तो तळटीपेत न नोंदवणारा संपादक आम्ही क्षम्य मानत नाही. पण तळटीप लिहिण्याची सोयच ठेवली नाही, तर दोष एकट्या संपादकाचा कसा? बदल उघडपणे दाखवावा, ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर तपासून घ्यावा, आणि नोंद बदलून मिळावी, अशी एक वाट हवी. पुण्यात वाहनचाचणीची संस्था आहे, तपासण्याचे ज्ञान आहे. नाही तो रकाना.

दुसरीकडे २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे, चासी, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशा गाडीने प्रदर्शनाला, फेरीला जावे, रोजच्या रस्त्यावर येऊ नये. ग्रंथालयातल्या कुलूपबंद पोथीची प्रतिष्ठा ती हीच. आम्ही तिचा अनादर करत नाही. पण पहिल्या कॉन्टेसा २०३४च्या सुमारास पन्नाशी ओलांडतील, तेव्हा कोणी मालक अँबॅसडरचे मूळ इंजिन काढून कंपनीच्याच काळातले इसुझु बसवलेली आपली गाडी घेऊन खिडकीपाशी उभा राहील. मूळ रूप कोणते, हे त्याला तेथील अधिकाऱ्याने सांगायचे आहे.