सुईला सारे ऐकू येते

दिवाळीच्या पहाटे अंबाजोगाईच्या एखाद्या जुन्या वाड्यात, माडीवर, आजोबांनी जपलेली तबकडी लागते. तोच नातवंडे धावत येतात आणि सुई टुणकन उडते! आजोबा पोरांवर डाफरतात. दोष मात्र तुळयांवरच्या फळ्यांचा. १९४८ साली अमेरिकेत निघालेल्या लाँग प्लेइंग तबकडीची खाच केसासारखी बारीक. सूर कोणता नि पाऊल कोणते, हे सुईला कळत नाही. शिवाय एखादी उडी कायमचा चरा पाडून जाते.

यावर बाजारात महागडे पाये आणि चौरंग मिळतात. पण आधी घराकडे पाहावे. वाड्याची भिंत जाडजूड. तिच्या रुंद कोनाड्यात यंत्र ठेवले, की पावलांचा हादरा फारसा पोचत नाही. स्पीकर दुसरीकडे ठेवावेत. तरी घुमारा उरलाच, तर यंत्राखाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली रबराचे चार तुकडे: वर जड, खाली मऊ.

परीक्षा सोपी आहे. यंत्राच्या जागी पाण्याची वाटी ठेवा आणि पोरांना धावू द्या. पाणी थरथरले नाही, तर खुशाल तबकडी लावा. सण पोरांचाही आहेच की!