आठव्या रकान्यातला उशीर

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला आणि त्या प्रकरणातल्या आरोपींची स्कॉर्पिओ सापडली ती आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत. गाडी टाकून पळणारी माणसं इथल्या एका कॅमेऱ्यात टिपली गेली. पुढं ती चित्रफीत बाहेर आली आणि गावातल्या मोबाइलमोबाइलवर फिरली. मांजरा नदी ओलांडली की बीड जिल्हा. आमच्या सोयरिकी तिकडं, लेकीबाळी तिकडं. ही बातमी आम्हाला कधी परक्या मुलखातली वाटलीच नाही.

या प्रकरणावर राज्यभर बोललं गेलं. खंडणी, पवनचक्की, राजकारण, सगळं झालं. माझं मन मात्र फिरून फिरून केजच्या पोलीस ठाण्यातल्या पहिल्या तासांपाशी जातं. दुपारी टोलनाक्याजवळून माणूस उचलून नेला. घरचे ठाण्यात धावले. तक्रार लगेच घेतली नाही, बसवून ठेवलं, असं कुटुंबीय तेव्हापासून सांगत आले आहेत. संध्याकाळी मृतदेहच सापडला. नंतर एक उपनिरीक्षक निलंबित झाले, निरीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, पोलीस अधीक्षकांची बदली झाली. हे सगळं झालं ते राज्य पेटल्यावर. ज्या तक्रारीसाठी राज्य पेटत नाही, तिचं काय होतं?

घरात एखादी एफआयआरची प्रत असेल तर काढून बघा. तिसऱ्या रकान्यात गुन्हा कधी घडला आणि ठाण्याला माहिती कधी मिळाली ते लिहिलेलं असतं. तिथंच स्टेशन डायरीच्या नोंदीचा क्रमांक आणि वेळ. मग आठवा रकाना बघा: तक्रारदाराने तक्रार देण्यास उशीर केल्याची कारणं. उशीर तक्रारदाराचा. पोलिसांनी लिहून घ्यायला उशीर केला असेल तर त्याचं कारण लिहायला पूर्ण फॉर्ममध्ये रकाना नाही. आणि ‘माहिती मिळाली’ ही वेळ भरणारा हात ठाण्याचाच. माणूस पायरी चढला तेव्हा घड्याळात किती वाजले होते, ते त्या कागदावरून कळत नाही.

हे मला कळलं ते आमच्या तात्यांमुळे, माझ्या चुलत्यांमुळे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरची केबल चोरट्यांनी कापून नेली. आमच्या भागात हे नवं नाही. आतलं तांबं विकतात, आणि ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद पडते. तात्या सकाळीच ठाण्यात गेले. कोणत्या, ते इथं लिहीत नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेले, तर अर्ज देऊन जा, चौकशी करू. अर्जाची पोच मागायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. असे नऊ दिवस गेले, तेव्हा कुठं फिर्याद लिहिली गेली. प्रत घरी आली. मी वाचायला घेतली आणि आठव्या रकान्यापाशी थांबलो. फिर्यादीने आजूबाजूला शोध घेतला, केबल मिळून आली नाही, म्हणून आज रोजी तक्रार. खाली तात्यांची सही. “फिर्याद वाचून पाहिली, ती माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे.” मी विचारलं, “तात्या, तुम्ही असं सांगितलं होतं?” ते म्हणाले, “मी कशाला सांगू? त्यांनी लिव्हलं, सही कर म्हणले.” नऊ दिवस हेलपाटे घालणाऱ्या माणसाच्या माथी उशीर मारला गेला होता. उद्या खटला उभा राहिला तर आरोपीचा वकील याच ओळीवर बोट ठेवणार.

कायदा कमी पडतो असं नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. प्राथमिक चौकशी लांबली तर तो उशीर आणि त्याचं कारण स्टेशन डायरीत आलं पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर संकेतस्थळावर टाका, असा आदेश २०१६ चा. ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण १८ महिने जपा, हा डिसेंबर २०२० चा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं बंधन आहे. आणि पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यासाठी २०१४ च्या कायद्यानं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. ते मुंबईत. केबल गेलेला शेतकरी त्यासाठी मुंबईची एसटी धरेल का?

ठाण्यातल्या माणसांचे हालही मी पाहतो. एकेका बीट अंमलदाराकडे कितीतरी गावं. वर यात्रा, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. रात्रभर जागून सकाळी पुन्हा टेबलावर बसलेला हवालदार मी पाहिला आहे. पण आलेल्याची वेळ लिहून त्याच्या हातात चिठ्ठी द्यायला जादा मनुष्यबळ लागत नाही. बँकेत गेलं की टोकन मिळतं, सरकारी दवाखान्यात केसपेपर मिळतो. ठाण्यात मात्र माणूस बाकावर बसून बसून उठून जातो आणि तो आला होता याचा त्याच्याकडं काही पुरावा राहत नाही.

बीडमध्ये तेव्हा नव्याने आलेले पोलीस अधीक्षक नवनीत कॉवत यांनी जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली, फक्त नाव ठेवलं. समोरच्याची जात आधी दिसू नये म्हणून. मला हे पाऊल मनापासून आवडलं. तसाच आणखी एक हुकूम निघावा, बीडला निघावा आणि आमच्या धाराशिवलाही निघावा: ठाण्यात आलेल्या प्रत्येकाला नाव, तारीख, वेळ आणि भेटलेल्या अंमलदाराचं नाव असलेली पोच.

गेल्या पावसाळ्यात तात्यांच्या बांधावरून तंटा झाला. ते पुन्हा ठाण्यात निघाले, तेव्हा अर्जाच्या दोन प्रती करून घेतल्या. ठाण्याच्या दारात उभं राहून खिशातला पेन काढला आणि दोन्ही प्रतींच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: आलो, सकाळी ११.२०. मग आत जाऊन टेबलावरच्या हवालदाराला म्हणाले, “दादा, एवढ्या वेळेखाली तुमची सही करा, मग बसतो.” हवालदारानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि सही केली. ती प्रत तात्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.