अडकलेलें काडतूस

या सदरांत आजपर्यंत शिवणयंत्र, भिंतीवरील घड्याळ व विहिरीवरील पंप यांच्या दुखण्यांचा विचार झाला. आज ज्या यंत्राविषयीं लिहावयाचें आहे, त्याचें नांव ऐकून कांहीं घरांतील वडील मंडळी दचकतील. तें म्हणजे नेमबाजीच्या खेळांतील आपोआप काडतूस भरून घेणारें पिस्तूल. परंतु कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. तेव्हांपासून मराठी घरांना हा खेळ तितकासा परका राहिलेला नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांतही तो शिरला आहे. याच यंत्राच्या बाबतींत प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली. ती कबूल केल्यावांचून पुढील उपदेश करण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं.

आमची पुतणी या प्रकारांत भाग घेते. स्पर्धेंत ६० नेम असतात. पहिले ३० सावकाश व पुढचे ३० जलद. जलद भागांत ३ सेकंदांत हात उचलून एकच बार काढावयाचा, मग ७ सेकंद थांबावयाचें. असें लागोपाठ पांच वेळां. एका स्पर्धेंत तिसऱ्या बारानंतर पुढचें काडतूस नळींत शिरलेंच नाहीं. अशा वेळीं पिस्तुलाचें तोंड लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करावा व पंचांची वाट पाहावी असा नियम आहे. बिघाड खरा ठरला तर पुन्हां संधि मिळते. पण ती गोंधळली व तिनें स्वतःच बोल्ट मागें ओढला. बिघाड अमान्य झाला आणि उरलेले दोन नेम शून्य धरले गेले. घरीं येऊन ती एवढेंच म्हणाली, "काका, माझा हातच कच्चा आहे." पुढें महिनाभर ती सरावाला गेली नाहीं.

हात कच्चा कीं यंत्र आजारी, हें ठरविण्यापूर्वीं यंत्राची चाल समजली पाहिजे. या पिस्तुलांत ०.२२ लाँग रायफल जातीचें काडतूस वापरतात. लांबी सुमारें एक इंच, बुडाशीं बाहेर आलेली कडा, गोळी मऊ शिशाची व तिच्यावर मेणाचा पातळ लेप. बार उडाला कीं त्याच्या धक्क्यानें बोल्ट मागें जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेंकतो, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना मॅगझिनच्या ओठांतून वरचें काडतूस काढून नळींत ढकलतो. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच हें घडतें. तेवढ्या अवधींत मॅगझिनच्या स्प्रिंगनें पुढचें काडतूस वर आणून ठेवावयाचें असतें. तिनें किंचित् उशीर केला, तर बोल्ट रिकामाच पुढें निघून जातो.

आतां दोष शोधण्याची रीत. पहिली गोष्ट सुरक्षिततेची. पिस्तुलाला हात परवानाधारकानेंच लावावा. आधीं मॅगझिन काढावें, मग बोल्ट मागें ओढून नळी रिकामी असल्याचें डोळ्यांनीं पाहावें. चाप ओढूनही बार उडाला नाहीं, तर तोंड लक्ष्याकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबावें. दारू क्वचित् उशिरां पेट घेते.

दुसरी गोष्ट, तर्क न करतां टिपण ठेवावें. प्रत्येक मॅगझिनला क्रमांक द्यावा. कोणत्या मॅगझिनमध्यें, कितव्या बाराला, कोणत्या खोक्यांतील काडतूस अडकलें, हें लिहावें. दोष एकाच मॅगझिनमागें फिरत असेल, तर त्याचे ओठ वांकले असतील किंवा स्प्रिंग थकली असेल. घरीं पक्कड न लावतां तें जाणत्या कारागिराकडे द्यावें. भरतांना वरच्या काडतुसाची कडा खालच्या कडेच्या पुढें आहे ना, हेंही पाहावें. ती मागें राहिल्यास दोन्ही एकमेकांत गुंततात. पुंगळी बाहेर पडतां पडतां बोल्टमध्यें चिमटली जात असेल, तर बोल्ट पुरता मागें जात नाहीं. त्याच्या वाटेवरचा मळ काढावा व दुसऱ्या बनावटीचें काडतूस लावून पाहावें. लक्ष्यभेदाच्या काडतुसाचा वेग सेकंदास सुमारें ३२५ मीटर असतो व स्प्रिंग त्याच बेतानें बसविलेली असते. अधिक जोरकस काडतूस घालून यंत्रास धक्के देणें हा उपाय नव्हे. काडतूस पुरतें आंत बसतच नसेल, तर नळीच्या मुखाशीं मेण, शिसें व काजळी सांचली आहे असें समजावें. रिकाम्या पिस्तुलाचा चाप वारंवार ओढल्यानेंही तेथील कांठास पिनचा घाव बसून कड उठते.

सुदैवानें पुतणीनें अशी वही ठेविली होती. मी ती चाळली. अडथळा तिन्ही मॅगझिनमध्यें होता. पण नेहमीं चौथ्या किंवा पांचव्या काडतुसाला, म्हणजे स्प्रिंगचा जोर सरत येतो तेथें. त्याहून बोलकी होती ती पहिल्या अडथळ्याची तारीख. त्याच आठवड्यांत मीं वडीलकीच्या नात्यानें तिला सांगितलें होतें, "यंत्राला तेल पाजावें, मॅगझिनलाही." शिवणयंत्रावरचा माझा अनुभव! बोल्टच्या सरकत्या भागास तेलाचा थेंब हवा हें खरें. पण मॅगझिनच्या आंत तेल गेलें कीं मेण व काजळी त्यांत कालवून चिकट राळ होते, आणि काडतुसें वर उचलणारी पट्टी रेंगाळते. मॅगझिन कोरडेंच ठेवावें लागतें.

मीं विचारलें, "तुला हें ठाऊक नव्हतें?" ती खालीं पाहून म्हणाली, "प्रशिक्षकांनीं कोरडें ठेवायला सांगितलें होतें. पण तुम्ही सांगितलेंत, मग नाहीं कसें म्हणावें?"

मॅगझिनें उघडून पुसून कोरडीं केलीं. पुढील तीन सरावांत एकही काडतूस अडकलें नाहीं. अडथळा आल्यास बोल्टला हात न लावतां हात वर करण्याचा सरावही ती आतां मुद्दाम करते. गेलेले दोन नेम मात्र परत येत नाहींत.

वाचकहो, ज्या विद्येंत आपली मुलें आपल्या पुढें गेलीं आहेत, तींत सल्ला देण्यापूर्वीं त्यांना एकवार विचारावें. आणि "काका, हें चुकतें" असें म्हणण्याची मोकळीक घरांत असूं द्यावी. मीं ती आमच्या घरीं उशिरां दिली.