पाक कपडे, नापाक पाणी

गेल्या वर्षी रमजान ईद आटोपली, मुलांच्या परीक्षाही संपल्या आणि एप्रिलमध्ये आमच्या मोहल्ल्यातली चौदा मुले घेऊन आम्ही तिघे मोठे कळंबच्या परिसरात नदीकाठी दोन रात्रींच्या मुक्कामाला गेलो. ताडपत्रीचे दोन तंबू, एक देग, तांदूळ, डाळ, कांदे आणि वीस-वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे कॅन. पिण्याचे पाणी आम्ही घरून नेले होते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले डोहाकाठच्या गाळात मनसोक्त कबड्डी खेळली आणि जोहरची वेळ जवळ आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली होती. आमच्यातल्याच एकाने फर्मान काढले, "कपडे पाक करा, मग नमाज." धुण्याची पावडर सोबत होतीच. मुले कपड्यांसकट डोहात उतरली. पाच मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस आला. हसणे, पाणी उडवणे चालू होते. मी काठावर बसून मोबाइलमध्ये फोटो काढत होतो.

संध्याकाळी एक बाई घागर घेऊन आली. डोहाच्या खालच्या अंगाला, दहा-बारा पावलांवर, वाळूत तिने झिरा उकरलेला होता. वाटीने तिने घागर भरली, नाकाशी नेली आणि ओतून दिली. आमच्याकडे बघून एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमी त उद्या चालले जासान. आमाले त हेच पानी प्या लागते."

शिवी दिली असती तर बरे झाले असते. तिने रिकामी घागर कमरेवर घेतली आणि गेली. आम्ही आमच्या कॅनमधले पाणी द्यावे, हेसुद्धा आम्हा तिघांपैकी कुणाला ती नजरेआड होईपर्यंत सुचले नाही. आमचे कपडे तोवर वाळून स्वच्छ झाले होते.

तेव्हापासून हा विषय मी मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत काढतो आणि दरवेळी तीच चार उत्तरे ऐकतो. आज त्या चारही उत्तरांचा हिशेब करायचा आहे.

पहिले उत्तर धर्माचे. "नमाजसाठी कपडे पाक हवेत, त्यात तडजोड कशी करणार?" तडजोड करा असे कोण म्हणते? पण पाक म्हणजे काय, ते तरी आधी समजून घ्या. घाम नापाक नाही. माती नापाक नाही. शेतातला, नदीकाठचा चिखल नापाक नाही. त्या दिवशी चौदाच्या चौदा मुले चिखलाच्या कपड्यांत नमाजला उभी राहिली असती, तरी कपड्यांमुळे त्यांची नमाज बिघडली नसती. कपड्याला खरोखर नजासत लागली, म्हणजे लघवी, रक्त असे काही, तर तेवढा भाग पाण्याने धुवायचा. त्यासाठी साबणाची अट कुठल्याही मौलवींनी मला आजवर दाखवलेली नाही. म्हणजे आम्ही धर्माचे नाव घेऊन जे केले, ते धर्माने मागितलेच नव्हते. आम्हाला पांढरेशुभ्र कुर्ते हवे होते. ती टापटीप झाली. तिला तहारतचे नाव देऊ नका.

उलट जे मागितले आहे, ते आपण सोयीस्कर विसरतो. साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, ही मनाई हदीसमध्ये स्पष्ट आहे. लोक जिथे पाणी घ्यायला येतात तिथे घाण करणाऱ्याबद्दल किती कडक ताकीद आहे, हे मदरशात दोन वर्षे काढलेला मुलगाही सांगेल. प्रेषितांचा वजू एका मुद्दभर पाण्यात व्हायचा, म्हणजे लिटरभरही नाही. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नका, अशी शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात नोंदवलेली आहे. साचलेल्या पाण्यात लघवी चालत नाही, मग पावडरीचा फेस कसा चालतो? त्या काळी पावडर नव्हती म्हणून तिचे नाव आले नाही. दुसऱ्याच्या पाण्याचा मान राखा, हा हुकूम मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

दुसरे उत्तर हिशेबाचे. "चार कपड्यांनी नदीला काय होते?" चला, हिशेबच करू. आमचा डोह दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल धरा. पाणी झाले पंचवीस हजार लिटर. मुलांनी अर्धा किलो पावडर वापरली. अशा पावडरीत फेस करणारे, मळ सोडवणारे रसायन साधारण दहा ते वीस टक्के असते, म्हणजे पन्नास ते शंभर ग्रॅम. पंचवीस हजार लिटरमध्ये ते मिसळले की दर लिटरमागे दोन ते चार मिलिग्रॅम होते. आकडा चिमूटभर वाटतो. पण हे रसायन लिटरला काही मिलिग्रॅम असले तरी माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि लहान मासे त्यात मरू शकतात. सतरा माणसांची एक सहल आणि अर्धा किलोचे एक पाकीट, यात हे होते. उन्हाळ्यात त्याच डोहावर आणखी चार सहली येतात.

"नदी वाहून नेते" असे म्हणणाऱ्याने एकदा एप्रिलमध्ये विदर्भात यावे. आमच्याकडच्या लहान नद्या दिवाळीनंतर वाहायच्या मंदावतात आणि उन्हाळ्यात त्यांचे डोह होतात. डोह काही वाहून नेत नाही. तो साठवतो. साबणातली रसायने कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तापलेल्या, साचलेल्या पाण्यात तोच कमी असतो. शिवाय पावडरीत फॉस्फेट असेल तर ते शेवाळाला खत होते. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. युरोपीय संघाने घरगुती धुण्याच्या पावडरींतले फॉस्फेट २०१३ पासून जवळजवळ बंद केले, ते या कारणाने. त्यांच्या नद्या बारा महिने वाहतात, तरी त्यांना भीती वाटली. आपल्या नद्या चार महिने वाहतात आणि आपण निर्धास्त!

आणि पाण्याची किंमत यवतमाळ जिल्ह्याच्या माणसाला मी सांगायची? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला, तेव्हा यवतमाळ शहराने टँकरमागे रांगा लावलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्या रांगांत आपल्याच बहिणी होत्या. टँकरचे पाणी जपून वापरायचे आणि नदीचे पाणी फुकट म्हणून नासवायचे, हा कुठला न्याय?

तिसरे उत्तर शहाण्यांचे. "आम्ही केमिकल वापरत नाही, रिठा वापरतो." किंवा महागड्या बाटलीवर 'निसर्गस्नेही' असे छापलेले दाखवतात. रिठा नैसर्गिक आहे, हे खरे. पण रिठ्याचा फेस ज्या द्रव्याचा होतो, ते माशांना विषारी असते. आपल्या भागातल्या हिंगणाच्या फळाचेही तसेच. त्या गराने पूर्वी कपडे धूत आणि तोच गर पाण्यात मासे मारतो. आपल्या रानात राहणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. बाटलीवरच्या छापाचा अर्थही एवढाच की ते द्रव्य लवकर कुजते. कुजण्यासाठी त्याला वेळ लागतो, जिवाणू लागतात. तेच थेट पाण्यात ओतले तर छापलेला शब्द मासे वाचवायला येत नाही.

चौथे उत्तर बोट दाखवणाऱ्यांचे. "काठावरच्या बाया रोज धुतात, परीट धुतात, त्यांना सांगा आधी." हे उत्तर मला सगळ्यांत जास्त खटकते. ज्या बाईच्या घरी नळ नाही, ती नदीवर जाणार. वीटभट्टीवरचा मजूर, कोपीत राहणारा ऊसतोड कामगार, वाडा घेऊन फिरणारा मेंढपाळ यांना जवळ पाणी दिसेल तिथेच धुवावे लागते. त्यांच्या धुण्याचा जाब त्यांना नळ न देणाऱ्या व्यवस्थेला विचारायचा. आपण मौजेसाठी गेलो होतो. आपल्याकडे कॅन होते, गाडी होती, घरी मोरी होती. आपल्या धुण्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

आणि परटाचे नाव घ्यायचेच असेल तर गाडगेबाबांचे घ्या. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, परीट घरात हा माणूस जन्मला. गावात गेला की आधी झाडू हातात घ्यायचा आणि गावाची घाण काढायचा. ऋणमोचनला पूर्णा नदीवर यात्रेकरूंसाठी त्याने घाट बांधून घेतला. स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्या. त्याच्या हिशेबात स्वच्छता म्हणजे आपण निघाल्यावर मागे काय उरते ते. आपल्या हिशेबात स्वच्छता म्हणजे फोटोत आपण कसे दिसतो ते. वऱ्हाडात राहून आपण त्याच्याकडून एवढेही शिकलो नाही.

कुणी म्हणेल, घरी धुतले तरी मोरीचे पाणी शेवटी नाल्यातच जाते. बरोबर आहे. गावागावांतले सांडपाणी प्रक्रिया न होता नदीला मिळते आणि त्यासाठी भांडायलाच हवे. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ चा आहे, तो कागदावर राहू नये म्हणून आपण किती अर्ज केले? पण गावाची गटार नदीत जाते, म्हणून मी माझी पावडर दुसऱ्या गावाच्या झिऱ्यात ओतावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग मुक्कामावर करायचे काय? यात काही अवघड नाही. दोन-तीन रात्रींसाठी धुणे काढूच नका. एक जादा जोड न्या. चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या. आमची काळी माती वाळली की झाडली जाते. घामाचा कपडा उन्हात टाका. मळके कपडे पिशवीत बांधून घरी आणा.

नजासत लागली किंवा मुक्काम लांबला, तर बादलीत पाणी घेऊन काठापासून किमान सत्तर पावले, म्हणजे साठेक मीटर दूर जा. आधी नुसत्या पाण्यात भिजवा, अर्धा मळ तिथेच सुटतो. साबण लागलाच तर वडीचा, कॉलर आणि बाह्यांपुरता. ते पाणी एका जागी न ओतता गवताळ मातीवर पसरून शिंपडा. नदीच्या वाळूत ओतू नका, वाळूतून ते सरळ झिऱ्यात जाते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतही ओतू नका. विहीर, हातपंप यांच्या जवळ तर नाहीच. त्याच जागी रोज रोजही नको, कारण धुण्याच्या सोड्याने आपली काळी माती आणखी चिकट आणि कडक होते. साबणाची आणि शॅम्पूची रिकामी पाकिटे खिशात घालून परत आणा.

उरूस असो, जमातचा प्रवास असो, शाळेचे शिबिर असो की चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला आलेली मंडळी असोत, नियम सगळ्यांना एकच आहे. झिऱ्यातल्या पाण्याला धुणाऱ्याचा मजहब कळत नाही.

यंदा आम्ही पुन्हा गेलो, त्याच मुलांना घेऊन. पावडर नेली नाही. मुलांनी चिखलाचे कपडे तंबूच्या दोरीवर वाळत घातले, काठीने झाडले आणि त्याच कपड्यांत जोहरची सफ उभी राहिली. गुडघ्यांवर डाग दिसत होते. आमच्यातल्या एका मोठ्या माणसाला ते पटले नाही, परतीच्या वाटेवर तो गप्प होता.

ती बाई या वेळी दिसली नाही. झिरा होता, बाजूला तिची वाटी उपडी ठेवलेली होती. मी ओंजळभर पाणी घेऊन वास घेतला. वाळूचाच वास होता.