ऊर्जेच्या आकड्याला कुलूप कशासाठी?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2022 साली 'परम प्रवेग' महासंगणक सुरू झाला. कौतुक झाले ते 3.3 पेटाफ्लॉप्सचे, त्या वेगासाठी वीज किती लागते, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही.

वास्तविक त्यातील इंटेल प्रोसेसरांत ऊर्जेची मोजणी अंगभूतच असते. लिनक्सचे कर्नल ती 'सिसएफएस'मधील एका साध्या फाइलीतून मायक्रोज्यूलमध्ये दाखवते. नोव्हेंबर 2020पर्यंत यंत्रावरील कोणताही वापरकर्ता ती वाचू शकत असे. मग 'प्लॅटिपस' हल्ल्याने सिद्ध केले, की विजेच्या चढउतारांवरून प्रोसेसरमधील गुप्त सांकेतिक किल्ल्याही हुडकता येतात. तेव्हापासून वाचनाचा हक्क केवळ 'रूट'कडे राहिला.

तो निर्णय योग्यच होता. अनेकांच्या सामायिक यंत्रावर तर अपरिहार्य. आक्षेप आहे तो त्यानंतरच्या आळसावर. सुरक्षेचे नाव घेतले, की माहिती दडवण्यास आयतेच समर्थन मिळते! हल्लेखोराला क्षणाक्षणाची असंख्य वाचने लागतात. संशोधकाला पुरते ती आपल्या संपूर्ण कामाची एकच बेरीज, आणि ती नोंदवण्याची सोय 'स्लर्म'सारख्या कार्यनियोजकात आहे. प्रशासकाने ती चालू करायची असते. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक महासंगणकाने कामाच्या अहवालात वेळेशेजारी ऊर्जेचा आकडा दिलाच पाहिजे. आपला प्रोग्राम किती वीज गिळतो हेच ठाऊक नसलेला संशोधक तो सुधारणार तरी कशाला? एका नोडवर अनेकांची कामे चालली, तर प्रत्येकाचा वाटा ढोबळच निघेल, हे मान्य. तूर्त तो ढोबळ आकडा तरी द्यावा.