संकलनकर्ता हमाल नव्हे

गाणी दुसऱ्यांची, कष्ट दुसऱ्यांचे. याने ती एका तबकडीवर ओळीने मांडली आणि वेष्टनावर स्वतःचे नाव छापून घेतले. ब्रिटनमधल्या हाऊस या नृत्यसंगीताच्या संकलनांचा विषय निघाला की आपल्याकडचे जाणते रसिक हेच ऐकवतात. संकलन म्हणजे धंदा, कला नव्हे.

या मंडळींनी पानिपतच्या काला अंबला उभे राहून सांगावे, की भाऊसाहेबांच्या मोहिमेवरचा पोवाडा आपल्या हाती आला कुठून? शाहिरांची बाडे आणि गोंधळ्यांचे पाठांतर यांतून निवडून शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अॅक्वर्थ यांनी १८९१मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे अॅक्वर्थसाहेब. दोघांनी त्यात स्वतःचे एक कडवे घातले नाही. म्हणून त्यांना हमाल म्हणायचे?

आता ब्रिटन. शिकागोच्या हाऊसच्या बारा इंची तबकड्या तिथे आयात होऊन येत. महाग, आणि मोजक्या दुकानांत. १९८६मध्ये लंडन रेकॉर्ड्सने ‘द हाऊस साउंड ऑफ शिकागो’ काढला आणि सुट्या तबकड्यांमागे एक शहर, एक घराणे आहे हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा एकत्र ऐकू आले. डेट्रॉइटचे तर त्याहून नवल. तिथल्या संगीताचे संकलन व्हर्जिनच्या टेन रेकॉर्ड्सने १९८८मध्ये आणले. नाव ठरत होते डेट्रॉइटचे हाऊस. छापले गेले ‘टेक्नो!’. एका वेष्टनाने प्रकाराचे बारसे उरकले.

पैसा होताच, नाकारतो कोण? संकलने इतकी खपू लागली, की जानेवारी १९८९पासून ब्रिटनच्या खपाच्या यादीत त्यांची पंगत वेगळी मांडावी लागली. मूळ वादकांना वाटा किती मिळाला, हा प्रश्नही खरा आहे. पण तो करारपत्राचा दोष. गोंधळ्यांना तरी संग्रहातून काय मिळाले? तेवढ्यासाठी कोणी संग्रह जाळा म्हणत नाही.

शिवाय साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचा १९९४चा ‘रेनेसाँ’ ऐका. तीन तबकड्या, एक गाणे विरण्याआधीच दुसऱ्याचा ठेका त्यात मिसळतो. तिथे क्रम बदला, सारी मैफल ढासळते. नुसती यादी अशी ढासळत नाही.

‘क्रम कोणीही लावील’ हा शेवटचा मुद्दा लंडनच्या कोर्टापर्यंत गेला आहे. संकलने काढणाऱ्या मिनिस्ट्री ऑफ साउंडने २०१३मध्ये स्पॉटिफायवर दावा लावला: आमच्या संकलनांचा क्रम उचलून लोक याद्या करतात आणि तुम्ही त्या राहू देता. गाणी वाजवण्याचा परवाना स्पॉटिफायकडे होताच. भांडण निव्वळ निवडीचे आणि क्रमाचे. २०१४मध्ये तडजोड झाली, निकाल लागलाच नाही. पण स्पॉटिफायने त्या याद्या शोधात सापडणार नाहीत अशी व्यवस्था मान्य केली. क्रम कोणाचाच नसतो, तर त्या लपवायच्या कशाला?